लिंबाजीमामांची डोणी

मोरीत उतरण्याआधी लिंबाजीमामा खाकरायचे. रस्त्याखालची साधी पाइपाची मोरी. पावसाळ्यात पाणी आणि एरवी गाळ, याशिवाय तिथं काही असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण हा माणूस तिच्या तोंडाशी वाकायचा, कुदळीच्या दांड्यानं दगडावर तीनदा टकटक करायचा, घसा साफ करायचा आणि विचारायचा, "हाय का कुणी घरात?" मग जरा थांबायचं. आत काही सळसळलं नाही तर उतरायचं, सळसळलं तर ती मोरी उद्यावर टाकायची. आमच्या खात्याच्या कुठल्याही नियमपुस्तकात ही पद्धत लिहिलेली नाही.

मामा आमच्या बांधकाम खात्यात मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याचे ठरावीक मैल ज्याच्या गळ्यात घातलेले असतात तो मजूर. खड्डे बुजवायचे, साइडपट्ट्या भरायच्या, मोऱ्या साफ करायच्या, झाडांना चुना-काव लावायची. आता ही जागाच कुणी भरत नाही. मामा त्या जातीतले शेवटचे, आणि मी केजच्या कार्यालयात नव्यानं आलेला शाखा अभियंता. शिक्षण पुण्यात झालेलं, बोलणं पुस्तकी, आणि मोटारसायकलवरून उतरल्याबरोबर कुणाला तरी झापलं पाहिजे अशी समजूत. पहिल्याच पाहणीत मामा सापडले. एका मोरीचं पलीकडचं तोंड गवतानं बुजलेलं होतं.

"हे काय? अर्धी मोरी साफ, अर्धी तशीच?"

"हळू बोला सायब," मामा म्हणाले. "आत बाळंतीण हाय."

मी वाकून पाहिलं. अंधारात चार-पाच ठिपके चमकले. खोकडीची पिल्लं होती. मामांनी मोरीच्या बाजूनं हातभर खोल चर खणून पाण्याला दुसरी वाट करून दिली होती, म्हणजे वळीव पडलाच तर बाळंतिणीच्या घरात पाणी शिरायला नको. मोरी साफ करण्यापेक्षा दुप्पट काम त्यांनी मोरी साफ न करण्यासाठी केलं होतं. मी म्हणालो, हे मला वर कळवावं लागेल.

"ल्हावा की. पर पंधरा दिसांनी ल्हावा. तवर पोरं चालती व्हतील."

मी पंधरा दिवसांनीही लिहिलं नाही. तिथून आमचं जमलं, असं म्हणायला हरकत नाही.

अंगानं काटकुळे, डोक्यावर टॉवेल, खात्याचा खाकी शर्ट आणि खाली धोतर. कमरेला मागच्या बाजूनं लाल झेंडी खोचलेली. काम चालू असताना वाहनं थांबवायला खात्यानं दिलेली ही झेंडी म्हणजे मामांची इज्जत होती. "ही दावली तर कलेक्टरची गाडीबी थांबती," असं ते म्हणायचे आणि ही नुसती फुशारकी नव्हती. एकदा त्यांनी खरोखरच एका मोठ्या अधिकाऱ्याच्या चार गाड्या भर दुपारी उभ्या केल्या होत्या. अधिकारी काच खाली करून म्हणाले, "काय काम चालू आहे इथं?" मामांनी समोर बोट दाखवलं. एक घोरपड, सासरी निघालेल्या पोरीच्या पावलानं, डांबरावरून चाललेली. "रस्ता वलांडायचं काम चालू हाय सायब. आर्धं झालंय." अधिकारी चांगले असावेत. घोरपड पार होईपर्यंत थांबले आणि जाताना हसले. तेव्हाचा रस्ता तसाच होता. अर्ध्या तासाला एक एस.टी., काळ्या-पिवळ्या जीपा, उसाचे ट्रॅक्टर. थांबण्याइतका वेळ सगळ्यांकडे होता.

या रस्त्याच्या पूर्वेला मामांचं शेत आणि शेतात घर. पश्चिमेला फॉरेस्टचा माळ, चढत चढत डोंगराला भिडलेला. त्या माळावर काळविटांचा एक कळप होता. मागं एका दुष्काळात गावातली निम्मी माणसं उसतोडीला गेली, मामांचा मुलगा-सूनही गेली. माळावरचा तलाव तळापर्यंत भेगाळला. मामांच्या बोअरला तेवढं पाणी होतं. एका संध्याकाळी ही हरणं रस्ता ओलांडून बोअरच्या ओल्या मातीत तोंड खुपसताना त्यांना दिसली. मामांनी डांबराचं रिकामं पिंप उभं चिरून त्याची जनावरांना पाणी प्यायची डोणी केली आणि रोज भरून ठेवू लागले. दुष्काळ सरला, डोणी राहिली. तलाव आटला की कळप दिवस कलताना रस्ता ओलांडून यायचा. पुढं एक म्हातारी मादी, मागं बाकीच्या, आणि सगळ्यात शेवटी काळाभोर नर. त्याला मामा 'पाटील' म्हणत. "पाटील आलते का ओ?" हा मामींना रोजचा प्रश्न. गयामामी म्हणायच्या, "आलते. तुमची चौकशी न करता गेले."

मग रस्त्याच्या चौपदरीकरणाची मोजणी आली. मोजणीत एक चूक माझ्या हातून झाली, तिच्यावर आम्ही आधी हसलो. रस्त्याच्या कडेला जागोजाग चुना लावलेले दगड होते. मी ते हद्दीचे दगड समजून नकाशावर टिपून घेतले. नकाशात ती हद्द बेडकासारखी उड्या मारत गेली, कुठं मैलभर एकही दगड नाही आणि कुठं दहा पावलांत सहा. वरच्या सल्लागारांनी विचारलं, ही कसली हद्द? मी नकाशा घेऊन मामांकडे गेलो.

"हे टिपके कशाचे?" मामांनी विचारलं.

"तुमच्या त्या पांढऱ्या दगडांचे. हद्दीच्या."

मामा आधी मोठ्यानं हसले. मग टॉवेलनं तोंड पुसलं. "सायब, ती हद्द न्हाई. ती मढी हायेत."

गाडीखाली जे जनावर सापडायचं त्याला मामा कडेला पुरत आणि वर एक दगड ठेवून चुन्याचा हात मारत. खात्याचा चुना, एवढीच काय ती अफरातफर. नकाशावर बोट फिरवत त्यांनी मला माणसांची नावं सांगावीत तशी सगळी सांगितली. हे तरस, हा मोर, हे साळिंदर, ही खोकड, "त्याच बाळंतिणीची लेक". त्यांना अक्षर येत नव्हतं, पण नकाशा त्यांच्याइतका कुणीच वाचला नसेल. बोट एका ठिकाणी येऊन थांबलं. तिथं ठिपके दाटीनं होते.

"हे कुठं आलं?"

"तुमच्या घरासमोर."

मामांनी ते ठिपके एकेक करून मोजले. "सगळ्यात जास्त माझ्याच दारात," ते म्हणाले. "म्हंजी मीच बोलवायलो की त्यान्ला."

मी म्हणालो, अहो, तुम्ही पाणी ठेवलं म्हणून तर जगली. ते म्हणाले, "एवढा रस्ता व्हता तव्हाचं सोडा. आता चार पट व्हनार. तितं खालून वाट ठिवा सायब. मोठी ठिवा. हरीण वाकून चालत न्हाई." मी प्रस्ताव केला. खरंच केला, हे मला स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आराखड्यात त्या जागी मोठी मोरी आलीसुद्धा. मग ती सरकली. एका वजनदार माणसाच्या शेतात ट्रॅक्टर न्यायला अडचण होती, म्हणून ती दोन-तीन किलोमीटर पुढं गेली. आज त्या मोरीत कडबा रचून ठेवलेला असतो. ही जागा काही अभयारण्यात येत नाही, असं मला वरून समजावून सांगण्यात आलं आणि मी ते समजून घेतलं.

काम सुरू झालं. रस्त्याकडेचे निंब गेले, चुना-काव लावलेले. वाहतूक गावातल्या वळणानं काढली आणि मामांचा रस्ता उकरून पांढऱ्या काँक्रीटचा होऊ लागला. मामा कुदळ घेऊन रोज यायचे. त्यांना काम नव्हतं, पण यायचे. गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, माणसं त्यांना चहा द्यायची.

त्याच सुमारास मामा लेकीला भेटायला शिरूर कासारकडं जाऊन आले. लेकीच्या गावाजवळून रेल्वेचा नवा मार्ग गेला आहे. आल्यावर तडक माझ्याकडे, केजला. हा माणूस कार्यालयात कधी खुर्चीवर बसायचा नाही, त्या दिवशी बसला.

"सायब, तितं रुळाचा भराव घातलाय. दोन पुरुस उंच. सकाळी फिराय गेलतो तर एक तरस दिसलं. भरावाच्या कडंकडंनं चालायलं. त्याला पल्याड जायचं. थोडं वर चढतंय, खडी घसरती, खाली येतंय. आन् पुन्ना चालायलं. मी किती लांब गेलो त्याच्या मागं. त्याला वाट घावंना. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्येच तरस, उलटं चालायलं." जरा थांबून ते म्हणाले, "आपल्याकडं डोणी सरकवावी लागंल. पाणी पल्याडच्या अंगाला, माळावर न्यावं लागंल. रस्ता सुरू व्हायच्या आत."

यात एवढं अवघड काय, असं मला वाटलं. उचलायची आणि पलीकडं ठेवायची. मामांनी ऐन वैशाखात तेच केलं. पिंप पलीकडं माळावर नेलं, डोक्यावरून घागरी नेऊन भरलं. कळपानं ढुंकूनही पाहिलं नाही. भरल्या डोणीजवळून चालत, उकरलेला रस्ता ओलांडून हरणं नेहमीच्या जागी आली आणि जिथं डोणी नव्हती तिथं माना खाली घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू बसलं ते उठेना. मामा पळत जाऊन पिंप परत घेऊन आले.

"जनावर जागा पितं, सायब. पाणी पित न्हाई," मामा मला म्हणाले. इतका हरलेला चेहरा मी त्यांचा तोपर्यंत पाहिला नव्हता.

वाट काढली ती गयामामींनी. चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाल्या, "वासरू दुधावरनं तोडायचं आसंल तर एकदम तोडतेत का? रोज थोडं थोडं तोडायचं. तुमाला कळंना व्हय एवढं?"

पावसाळ्यात प्रश्न नव्हता. दिवाळीनंतर तलाव आटला, कळप यायला लागला, आणि मामांनी डोणी सरकवायला सुरुवात केली. दिवसाआड पाच पावलं. जास्त नाही. एकदा घाई करून दहा सरकवली, तर म्हातारी मादी फुरफुरून मागं फिरली होती. पाच पावलांना ती थबकायची, हुंगायची, इकडं तिकडं पाहायची आणि मग तोंड लावायची. ती प्यायली की बाकीच्या. मी मधूनमधून संध्याकाळी जायचो. मामा लांब बांधावर बसून पाहायचे. म्हातारीनं तोंड लावलं की त्यांचा श्वास सुटल्याचा आवाज यायचा.

बोअरपासून रस्ता दोनशे पावलं. त्यापुढं माळावर सुरक्षित जागी न्यायला आणखी पन्नास-साठ. एका संध्याकाळी मामांनी विचारलं, "रस्ता कव्हा सुरू व्हनार, तेवढं पक्कं सांगा."

"पाडव्याच्या आधी नाही. पुलाचं काम बाकी आहे."

"पक्कं?"

"पक्कं, मामा. पाडव्याच्या आधी एक गाडी सुटणार नाही."

हे मी साहेबाच्या आवाजात सांगितलं. मामांनी बोटांवर हिशोब केला. शिवरात्रीला डोणी रस्त्यावर, पाडव्याला माळावर साठ पावलं आत. "जमतंय," ते म्हणाले. कोण आनंद झाला होता त्यांना! घरात ओरडून त्यांनी मामींना चहा टाकायला सांगितला, आणि चहा होईपर्यंत मला सांगत राहिले की पाडव्यानंतर म्हातारी एकदाही रस्ता ओलांडणार नाही, तिची पिल्लं तर रस्ता बघणारच नाहीत, त्यांना ही वाटच माहीत नसेल.

शिवरात्रीच्या दोन-तीन दिवस आधी मी गेलो तेव्हा डोणी रस्त्याच्या मधोमध होती. दुभाजकात वाहनं वळवण्यासाठी जी फट ठेवतात, त्या फटीत. दोन्ही टोकांना मातीचे ढिगारे टाकून रस्ता बंद होता. सगळीकडं पांढरं काँक्रीट, ऊन उतरलेलं, आणि त्या पांढऱ्यावर अकरा हरणं. खुरांचा टकटक आवाज येत होता. म्हातारी हुंगून प्यायली, मग एकेक जण. पाटील शेवटी आला. माझ्या आयुष्यात मी जे काही बांधलं त्यात मला आवडलेलं एवढंच, ते संध्याकाळचं दहा मिनिटांचं काँक्रीट. मामा हळूच म्हणाले, "आता मदोमद आलीत. फुडचं सोपं हाय. आता त्यान्च्याच घराकडं सरकायचंय."

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी वरून फोन आला. परळी वैजनाथला गर्दी होणार, जुन्या वळणावर गाड्या अडकतील, तर नवा रस्ता दोन दिवसांसाठी खुला करा. पुलाच्या बाजूनं तात्पुरती वाट काढा. उद्या पहाटेपर्यंत झालं पाहिजे. मी कामाला लागलो. पुलाजवळ मुरूम टाकून घेतला, फलक लावले, पोलिसांना कळवलं, पिंप-बॅरिकेड मांडले. जेसीबीवाल्या सलीमला फोन करून सांगितलं, दोन्हीकडचे ढिगारे हटव. "आत्ता हटवतो सायब," तो म्हणाला. सगळं वेळेत झालं. वरून शाबासकी आली.

मी विसरलो. कारणं शोधली तर सापडतील, तेव्हा शोधलीही होती. पण खरं एवढंच आहे. ढिगारे हटवण्याचा हुकूम मी दिला आणि त्या दोन ढिगाऱ्यांच्या मध्ये काय ठेवलेलं आहे ते माझ्या डोक्यात आलं नाही. दिवसभरात एकदाही आलं नाही.

त्या संध्याकाळी कळप आलाच नव्हता, हे नंतर कळलं. लांबवर मशीनचा आवाज चालू होता म्हणून बुजला असावा. तहानलेली हरणं पहाटे आली. मामा सकाळी डोणी भरायला घागर घेऊन निघाले तेव्हा रस्त्यावर गाड्यांच्या रांगा सुरू झाल्या होत्या आणि कळप पश्चिमेकडच्या दोन मार्गिका पार करून, त्या फटीत, डोणीला तोंड लावून उभा होता. दोन्ही बाजूंनी गाड्या. मामा झेंडी काढून धावले. ज्या झेंडीला अधिकाऱ्याच्या चार गाड्या थांबल्या होत्या तिला त्या दिवशी कुणी थांबलं नाही. इतक्या वेगात थांबता येतही नसेल. एक जीपवाला ओरडून गेला, "मरायचंय का बे म्हाताऱ्या?" हॉर्नला बुजून हरणं फुटली, सापडेल त्या दिशेनं.

साडेसहाला मला गयामामींचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "सायब, रस्ता सुरू केलाव का?"

मी पोचलो तेव्हा चार पडलेली होती. पाटील, आणि तीन माद्या. एक गाभण होती. डोणी चपटी होऊन दुभाजकाला चिकटली होती आणि काँक्रीटवर पाण्याचा डाग पसरला होता. मामा दुभाजकाला टेकून बसले होते. झेंडीचं कापड कुठल्याशा गाडीच्या आरशाला अडकून गेलं होतं, हातात नुसती काठी. माझ्याकडं पाहून त्यांनी शांतपणे विचारलं, "पाडवा झाला का ओ, सायब?"

"मामा, माझी चूक झाली," असं काहीतरी म्हणालो. गाड्यांच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. ते म्हणाले, "माझ्याच हातानं आनून ठिवली त्यान्ला हितं. पाच-पाच पावलं. भेत व्हती ती. म्हातारी तर लई भेत व्हती. मीच इस्वास ठिवाय लावला."

वन खात्याची माणसं आली, पंचनामा झाला. लिहिणाऱ्यानं अज्ञात वाहनाच्या धडकेनं असं लिहिलं. मामा उठून त्याच्यापुढं गेले. "अज्ञात कावून? ल्हावा की माझं नाव. लिंबाजी, मैलकुली. ल्हावा." त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. तिथं माझं नाव लिहा म्हणायची वेळ होती. मी मामांच्या खांद्याला धरून त्यांना बाजूला घेतलं. माझं नाव आजही कुठं लिहिलेलं नाही.

जेसीबीनं माळाच्या कडेला खड्डा केला. सलीम गाडीतून उतरला आणि लांब जाऊन उभा राहिला. खड्डा बुजल्यावर मी एक दगड उचलून आणला, मामांना म्हणालो, चुना कुठंय? मामांनी दगड माझ्या हातातून घेऊन बाजूला टाकला. "न्हाई. तो दगड रस्त्यानं मारलेल्यान्ला आसतो."

त्यानंतर दोन महिन्यांनी मामा निवृत्त झाले आणि माझी बदली परळीकडं झाली. निरोपाला ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी जायचं ठरवायचो आणि जायचो नाही. तो रस्ता आता झकास झाला आहे. केजहून परळीला पोचायला पूर्वीच्या निम्मा वेळ लागतो, लोक तारीफ करतात.

गेल्या उन्हाळ्यात एका बैठकीहून परतताना दिवस कलायला आलेला होता. मामांच्या घराजवळ येताना मी मोबाइलमध्ये पाहत होतो, मुद्दामच. ड्रायव्हर म्हणाला, "सायब, हे म्हातारं दगडं मारायलंय बघा." मी गाडी बाजूला घ्यायला लावली.

रस्त्याच्या पश्चिमेला, माळाच्या उतारावर मामा उभे होते. खाकी शर्ट तोच. धोतराच्या ओच्यात दगड. समोर वीसेक पावलांवर पाच हरणं, पुढं म्हातारी. सात राहिली होती, त्यातली दोन मधल्या काळात कधी गेली ते मी विचारलं नाही. दुभाजकातली ती फट नंतर काँक्रीटनं बुजवली आहे. बुजवण्याची शिफारस माझीच. पण हरणं अजून तिथंच यायची, जिथं शेवटचं प्यायली होती. मामांनी माळावर आत नवी डोणी ठेवली होती, मोठी, सिमेंटची. ती तिथून दिसत होती. काठोकाठ भरलेली.

"जावा! न्हाई हितं पाणी! तिकडं हाय, माघारी फिरा, जावा!" मामा ओरडत होते. दगड मारत होते. दगड हरणांच्या अलीकडं पडायचा. हरणं दोन पावलं मागं सरायची आणि पुन्हा पुढं यायची. मागून गाड्या सुसाट चालल्या होत्या.

मी उतार चढून गेलो. मामांनी मला पाहिलं. अंगात फार काही उरलं नव्हतं, दम लागला होता, ओठ सुकलेले.

"रोज येता?" मी विचारलं.

"रोज. दिवस बुडूस्तोर. नाहीतर रस्त्यावर जातेत." मग त्यांनी ओच्यातून एक दगड काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वर आपले दोन्ही हात दाबून धरले. "सायब, तुमी मारा. माझा लागत न्हाई. त्यान्ला कळलंय, ह्यो मारत न्हाई म्हनून. तुमचा लागंल. एकदा लागू द्या. एकदा लागला की येनार न्हाईत हितं."

"मामा, मी..."

"मारा ओ. पाया पडतो."

म्हातारी मान वर करून आमच्याकडं पाहत होती. डांबराच्या पिंपातलं पाणी इतकी वर्षं पाजणाऱ्या माणसाच्या शेजारी मी उभा होतो, म्हणून ती मला भ्यायली नाही. मी दगड मारला. नेम धरून, सगळा जोर लावून. तो तिच्या मागच्या पायावर बसला. आवाज आला. ती कोलमडली, उठली, आणि तीन पायांवर डोंगराकडं पळाली. बाकीची तिच्यामागं. एकदाही न थांबता ती पाचही जणं नव्या डोणीवरून पुढं, झुडपांत दिसेनाशी झाली.

मामांनी ओच्यातले उरलेले दगड एकेक करून खाली ठेवले. डोंगराकडं बघत ते जरा खाकरले आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले,

"लई लागला का ओ तिला?"